वाईचे घाट आणि मेणवलीची घंटा: कृष्णाकाठचा शनिवार-रविवार

ठाण्याहून निघून वाईत मुक्काम करणारी माणसं कमी. बहुतेकांच्या लेखी वाई म्हणजे पसरणीचा घाट चढण्याआधी चहा प्यायची जागा. खरी सहल पुढे पाचगणी-महाबळेश्वरची. आम्ही या वेळी घाट चढायचाच नाही असं ठरवून गेलो. मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. बाबा निवृत्त शिक्षक, जन्म ठाण्यातल्या खारकर आळीतला. मराठी विश्वकोशाचे खंड त्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून एकेक करून जमवलेत. ते खंड ज्या गावात तयार झाले ते गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट आम्हालाच जास्त टोचत होती.

शुक्रवार

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऐरोलीमार्गे कळंबोली, द्रुतगती मार्ग, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, शिरवळ, खंबाटकी घाट आणि मग सुरूर फाट्याला उजवीकडे. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या बाहेर गर्दी असतेच, तेवढा वेळ हाताशी धरून निघावं. एसटीने जायचं असेल तर स्वारगेटहून वाईला गाड्या सारख्या असतात आणि वाईचं स्टँड गावातच आहे, पुढे सगळं पायी होतं.

सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना जुने वड आहेत. आम्ही पोचलो तेव्हा काळोख झाला होता. दिव्यांच्या उजेडात एकेक बुंधा पुढे येत होता आणि मागे जात होता. लेकीने खिडकी खाली केली तर एकदम गारवा आत आला. फेब्रुवारीत ठाण्यात पंखे लागलेले असतात. इथे बाबांनी कानटोपी काढली.

उतरलो ते गावातल्या एका साध्या लॉजवर. जवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, पावट्याची उसळ, खर्डा आणि आमटी-भात. पावट्याचा हाच हंगाम. वाढणाऱ्या मावशींनी बाबांच्या ताटात न विचारता तूप सोडलं आणि म्हणाल्या, "खर्डा जपून खावा, आमचा तिखाट असतोय." बाबांनी दोनदा मागून घेतला.

शनिवार सकाळ

नदीवर जायचं तर ऊन चढायच्या आत जावं. सातच्या सुमाराला आम्ही गणपती आळीत शिरलो तेव्हा पाण्यावरून धुकं वर सरकत होतं आणि घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या होत्या. वाईच्या घाटांची नावं तिथल्या आळ्यांची: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. प्रत्येक आळीला तिचा घाट. गावाची रचना समजायला हे एवढं पुरतं. रस्ते सोडून द्यावेत आणि घाटावरून घाटावर जावं.

घाटावर पहिलं लक्ष जातं ते ढोल्या गणपतीकडे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. रास्ते घराणं म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. वाईतली अर्धी देवळं याच घराण्याच्या खर्चाने उभी राहिली असावीत असं फिरताना वाटत राहतं. आतली मूर्ती एकाच दगडातली, उंच आणि तितकीच ऐसपैस. गाभाऱ्यात उभं राहिलं की देव आपल्याला सामावून घेऊन बसलाय असं वाटतं, आणि 'ढोल्या' हे लाडाचं नाव पटतं.

पण दर्शन झाल्यावर निघून जाऊ नका. देवळाच्या मागे जा. वरच्या अंगाने प्रवाह जिकडून येतो, त्या बाजूची भिंत सपाट बांधलेलीच नाही. ती दोन्हीकडून निमुळती होत पुढे टोकाला मिळते, माशाच्या आकारात. पूर आला की पाणी या टोकावर येऊन दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. मी त्या दगडांवरून हात फिरवत टोकापर्यंत गेले. सांधे इतके घट्ट की नख शिरत नाही. खालचे थर शेवाळाने काळे-हिरवे, वरचे उन्हाने भुरे. टोकाचा दगड मात्र गुळगुळीत झालाय. अडीचशेहून जास्त पावसाळ्यांचं पाणी त्याच्यावर आपटलंय. देऊळ नदीपासून लांब बांधता आलं असतं. तसं न करता नदीच्या पात्राशी बांधलं आणि नदीला जायला वाट करून दिली, हे मला फार मोठं वाटलं. मोठ्या पुरात पाणी आत शिरतंच. भिंतीचं काम पाणी अडवायचं नाही, त्याचा मार कमी करायचं आहे.

बाबा म्हणाले, "आपल्या कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार १७६० चा. म्हणजे ही दोन्ही कामं एकाच वेळची." मला हे कधी सुचलं नव्हतं. ठाण्यात सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर मासुंदा तलावाकाठी देऊळ उभं करत होते आणि दोन वर्षांत इकडे रास्ते कृष्णेत भिंत घालत होते. पानिपताचा घाव मधोमध, १७६१ चा. तरी बांधकामं थांबली नव्हती.

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. ढोल्या गणपतीला जेवढी गर्दी, तेवढी इथे शांतता. इथला काळ्या दगडाचा नंदी जवळून पाहावा. दगड घासून असा चकचकीत केलाय की आपली आकृती त्यात हलताना दिसते. गळ्यातल्या घुंगरमाळेचा प्रत्येक घुंगरू वेगळा कोरलाय. लेक त्याच्यासमोर मांडी घालून वहीत चित्र काढत बसली, ती उठेना.

घाटावर एक आजी तांब्यात पाणी घेऊन पायऱ्या चढत होत्या. नवऱ्याने हात पुढे केला तर म्हणाल्या, "नको रे बाळा, रोजच्या आहेत मला या पायऱ्या." मग थांबून आमची चौकशी केली. ठाण्याहून आलोय म्हटल्यावर त्यांच्या भाचीपासून सुरुवात होऊन घोडबंदर रोडच्या वाहतुकीपर्यंत गप्पा झाल्या. निघताना म्हणाल्या, "संध्याकाळी या उत्सवाला. सध्या कृष्णाबाई बसलीय." मग तिने आमच्यासाठी काय ठरवलंय हे सांगावं तसं म्हणाल्या, "प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही."

न्याहारी बाजारपेठेत केली. मिसळ आणि वर ताक. बाजारात हळदीच्या गाठी आणि गुळाच्या ढेपा दिसल्या की घेऊन ठेवा. परतताना थांबणं होत नाही.

शनिवार दुपार

दुपार बाबांची होती. विश्वकोशाचं कार्यालय गंगापुरीत आहे. ते सरकारी कार्यालय, शनिवार-रविवारी बंद. हे माहीत असूनही बाबांना तिथे जायचंच होतं. बाहेर पाटीखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. एरवी फोटो म्हटलं की ते मान फिरवतात.

वाईसारख्या तालुक्याच्या गावात विश्वकोश का आला, याचं उत्तर त्याच गल्लीत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा गंगापुरीत. विनोबा तरुणपणी इथे त्यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेचे. विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले आणि काम वाईत राहिलं. पहिला खंड १९७६ साली आला. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले. विसावा खंड त्यानंतर वीसेक वर्षांनी, २०१५ मध्ये. आता सगळं महाजालावरही वाचता येतं, पण बाबांना कागदच लागतो.

बाबा आम्हाला सांगत होते ते असं: मुंबईत, पुण्यात मोठी ग्रंथालयं होती, विद्यापीठं होती. तरी मराठीतलं भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जगाचा भूगोल या सगळ्याच्या नोंदी कृष्णाकाठी तपासल्या गेल्या. टपालाने कागद यायचे, दुरुस्त होऊन परत जायचे. त्यांना त्या कामातली सावकाशी आवडते. ते बोलत होते आणि लेक ऐकत होती, मोबाइल खिशात. बाबांचा नात्याने शिक्षक होण्याचा हक्क त्या गल्लीत त्यांना पुरेपूर मिळाला.

ज्यांना विश्वकोशात रस आहे त्यांनी कामाचा दिवस धरूनच यावं. दुपारी ऊन चांगलंच तापतं, सकाळच्या स्वेटरवर जाऊ नका. टोपी आणि पाण्याची बाटली हवी. गाडी आळीत घालू नये. रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत, बाहेर लावून चालत गेलेलं बरं.

शनिवार संध्याकाळ

कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव माघात सुरू होतो आणि एकेका आळीच्या घाटावर काही काही दिवस चालत पुढे सरकतो. दोन महिन्यांच्या आसपास वाईत कुठल्या ना कुठल्या घाटावर देवी बसलेली असते. याची सुरुवात सांगतात ती १६५९ ची. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि जावळीकडे निघण्याआधी त्याचा तळ वाईतच होता. शिवाजी महाराजांना यश मिळो म्हणून इथे कृष्णेला नवस बोलला गेला, आणि प्रतापगडाखाली जे घडलं त्यानंतर उत्सव सुरू झाला, अशी इथली आख्यायिका. खानाचा तळ ज्या गावात पडला होता, त्याच गावात हे सांगितलं जातं तेव्हा अंगावर काटा येतो.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात कीर्तन रंगात आलं होतं. देवी हिरव्या नऊवारीत, नाकात नथ. बायका रांगेने ओटी भरत होत्या. मी ओटीचं काही नेलं नव्हतं हे पाहून पुढच्या वहिनींनी आपल्या पिशवीतला नारळ आणि खण माझ्या हातात ठेवला. पैसे काढू लागले तर म्हणाल्या, "अहो, नदी काय माझी एकटीची आहे का?"

सकाळच्या आजी भेटल्याच. त्यांनी आम्हाला पंक्तीत बसवलं. वाढणारे सगळे आळीतलेच, पाटावरून पोरं धावत होती. एक काका पाण्याचं भांडं घेऊन फिरत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात, पण उत्सवाचे दिवस कुठे जायचं नाही हा त्यांचा नेम. त्यांना मी घाटाच्या कडेला अडकलेल्या निर्माल्याबद्दल आणि प्लास्टिकबद्दल विचारलं, कारण सकाळी ते पाहून वाईट वाटलं होतं. त्यांनी झटकून टाकलं नाही. म्हणाले, "खरंय. वर धरण आहे, पाणी पूर्वीसारखं वाहतं राहत नाही. गावाचं सांडपाणीही येतं. आळीतली पोरं सुट्टीच्या दिवशी उतरतात पात्रात, पोतीच्या पोती काढतात. पुरत नाही, पण काढतात."

हे मला ठाण्यात आल्यावरही आठवत राहिलं आहे. खारकर आळी, चेंदणी, जांभळी नाका: आमचंही जुनं ठाणं आळ्यांचंच, आणि पाण्याकाठचंच. चेंदणीच्या बंदरावर बाबा लहानपणी पोहायचे. आज खाडीकडे जायची वाट विचारली तर माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या जणींना सांगता येणार नाही. वाईतली नदीही स्वच्छ नाहीच. पण तिथे प्रत्येक आळीला आपला घाट कुठला ते माहीत आहे आणि वर्षातून काही दिवस तिथे एकत्र जेवायचं आहे. मग ज्याच्या दारातला कचरा त्याने उचलायचा हे ओघाने येतं. खाडीकाठी आपल्याला असं काही उभं करता येईल, निदान चेंदणीत नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने, असं मला मनापासून वाटतं.

रविवार

सकाळी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षा सहज मिळते. रस्त्याच्या कडेला उसाची आणि हळदीची शेतं.

नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. थोडं तिकीट असतं, सुटे पैसे जवळ ठेवा. आत एकामागून एक चौक, सागवानी खांब, भिंतींवर चित्रं. काही ठिकाणी रंग फिके झालेत, पण फुलांच्या वेली आणि देवतांचे चेहरे ओळखू येतात. चौकातल्या कोवळ्या उन्हात उभं राहून वर पाहिलं की छताच्या लाकडी पट्ट्या दिसतात. नानांच्या कारभाराचा कागदपत्रांचा मोठा साठा मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांना माहीत आहे. पत्रं मोडी लिपीत असायची म्हटल्यावर लेकीने बाबांना मोडीतलं स्वतःचं नाव वहीत लिहायला लावलं. बाबांना मोडी येते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिथे कळलं.

वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, पाण्याला कवेत घेणारा. मेणेश्वराचं देऊळ, जवळच विष्णूचं. इथे चित्रपटांची शूटिंग इतकी झालीत की घाट पाहिल्यावर ओळखीचा वाटतो. पण आम्ही आलो होतो घंटेसाठी.

देवळाशेजारी छोट्या घुमटीत ती टांगली आहे. भली मोठी, पंचधातूची, पोर्तुगीज. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरची तशीच. मी मेरीच्या आकृतीवर बोट ठेवलं. झिजून चेहरा नाहीसा झालाय, पण पदराच्या चुण्या आणि कडेवरच्या बाळाचा गोल माथा हाताला लागतो. आकडे मात्र आजही धारदार आहेत. खाली कोणी हळद-कुंकू लावलेलं. लेकीने विचारलं, "आजोबा, ही आपली आहे का त्यांची?" बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वाजवणाऱ्याची."

वसईची ती मोहीम सुरू झाली ती ठाण्यात. १७३७ मध्ये मराठ्यांनी पहिल्यांदा ठाण्याचा किल्ला घेतला, साष्टी बेट हाती आलं आणि दोन वर्षांनी वसई पडली. तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. बाबांचं बालपण त्याच्या भिंतीलगत गेलं. भिंतीवरून पतंग आत पडला की गेला. आमच्या घराजवळून निघालेल्या मोहिमेच्या शेवटाशी, इतक्या आत सह्याद्रीत, कृष्णेच्या काठावर आम्ही उभे होतो. बाबांनी घंटा एकदाच वाजवली. नाद पाण्यापलीकडच्या झाडांपर्यंत जाऊन आला.

तिथून पुढे धोम. नरसिंहाचं देऊळ आणि आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड. कुंडात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं दिसतं. आम्हाला पाणी कमी मिळालं, पण त्यामुळे कासवाचे पाय दिसले. मेणवलीला जाणाऱ्यांनी हे चुकवू नये, अंतर थोडंच आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. धरणाच्या बाजूला उन्हात जाऊ नका, सावली नाही.

जेवायला धोमच्या वाटेवर एका घरगुती ठिकाणी थांबलो. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताज्या काकवीसोबत पोळी. काकवी शेजारच्या गुऱ्हाळातली. गुऱ्हाळाच्या दादांनी आम्हाला कढईपाशी नेलं, उलथन्याने साय बाजूला सारून लेकीला गरम गुळाचा गोळा पानावर दिला. "फुकून खा गं पोरी, जीभ भाजंल." तिची जीभ भाजलीच, पण तिने पुन्हा मागितला. स्ट्रॉबेरी वाईतही मिळते, घाट चढायची गरज नाही. फक्त सकाळी तोडलेली आहे का ते विचारून घ्या, दुपारपर्यंत ती मऊ पडते.

दुपारी तीनला निघालो. त्याच्या पुढे निघालात तर पाचगणी-महाबळेश्वरहून उतरणारी गर्दी आणि तुम्ही एकाच वेळी महामार्गावर येता आणि पुण्याजवळ अडकता.

यावेळी राहिलं ते बरंच आहे: लोहाऱ्याची लेणी, पांडवगड, पसरणीला शाहीर साबळे यांचं गाव. पुढची वेळ दिवाळीनंतरची ठरली आहे, शुक्रवार धरून, म्हणजे विश्वकोशाचं कार्यालय उघडं मिळेल. लेकीला मोडी शिकायचीय. रोज रात्री जेवणं झाली की बाबा तिला पाटीवर बाराखडी घालून देतात.